मांचेष्टरच्या वेशीवरची पऱ्हाटी

मुक्काम अकोला, जुने शहर
कार्तिक वद्य ३, शके १७८५

अजी, आयका,

तुमचं पत्र पोचलं. आपल्या गल्लीतल्या खुशालरावांनी वट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सांगून राहिली आन् हे उत्तरबी थेच लिवून राहिले. पत्त्यात तुमचं नाव त्यायनंच घातलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नाई, थे मी अजून पाळते. त्यायनं सुरुवातीले 'साष्टांग दंडवत, कृतानेक विज्ञापना' असं लांबलचक शेपूट लावलं व्हतं, थे मी खोडाले लावलं. श्रावणात जो मानूस घरी न सांगता निंघून जाते आन् कार्तिकात ज्याचं पत्र येते, त्याले कायचा दंडवत?

तुमची माय पयले रडली, मंग हासली, मंग मने, "पोट्टं जित्तं हाय वं जमुना, गूळ वाट." मी वाटला. गुळाशी माहं भांडन नाई.

तुमी लिवलं का कापसाच्या काट्यावरच्या सायबासंग बोटीत बसलो, सात समुद्र पार केले, लिवरपुलात उतरलो, आन् विलायतेत राहाव तं लिवरपुलातच राहाव. काहून? थे तं नीट लिवलंच नाई. बोटीच्या डोलकाठ्या वावरातल्या तुराट्यायवानी दाट उभ्या असते, एवढंच लिवलं. अजी, मानसाले राहाले डोलकाठ्या लागते का? पानी कुठून आनते तिथं? हिर हाय का नदी? नदी असन तं मोर्णेएवढी हाय का मोठी? बायका बजारात बसते का? मेथी, आंबाडी भेटते का नाई? आन् थंडीत पानी दगडावानी गोठते मने, मंग सकाळी तोंड कायनं धुते? एवढं पत्र लिवलं आन् कामाचं एकबी नाई.

इथलं म्हनाल तं सारं अकोला कापसासाठी येडं झालं. अमेरिकेत लढाई लागली तवापासून ज्याले पाहा थो पऱ्हाटीच लावून राहिला. सायेब लोक टोप्या घालून बजारात उभे राहते, गंज्यायत हात घालून रुई ओढून पाहते. आपल्या मळ्यात मात्र मी तुमच्या पऱ्हाटीच्या चार ओळी ठेवल्या आन् बाकी वांगी, मेथी, झेंडू पुन्ना लावला. तुमी कापसापायी माहा वांग्याचा वाफा उपटला, थे मी काई इसरली नाई. त्या भांडनात तुमी काय बोलले थेबी इसरली नाई. मी काय बोलली, थे जाऊ द्या.

पत्र मुंबईच्या पेढीवर धाडा, थे लोक बोटीनं पुढं पाठवते, असं तुमी लिवलं, तसंच धाडून राहिली. दुसऱ्या गावाईबद्दल लिवा. फक्त लिवरपूल पायलं का आनखी काई पायलं?

तुमच्या घरची,
जमुना


मुक्काम अकोला
पौष शुद्ध ८, शके १७८५

अजी,

माय वं माय, केवढी गावं लिवली तुमी! दोन पानं भरून. खुशालरावांनी वाचाले घेतलं तं वट्यावर बायकाच बायका. आता तुमचं पत्र आलं का कोनी सूप घेऊन येते, कोनी सरकी काढाची चरकी घेऊन येते, आन् हात चालवत चालवत विलायत आयकते. मधात खुशालराव अटकले तं साऱ्या ओरडते, "वाचा ना बुवा, मंग काय झालं?"

एडिंबरो मने डोंगरावर हाय आन् वर किल्ला हाय. माय मने, नरनाळ्यावानी असन. यॉर्क गावाले चारी बाजूनं परकोट हाय आन् त्याच्यावरून मानसं फिरते. आपल्या असदगडाच्या भितीवर बकऱ्या फिरते, तिथं मानसं, एवढाच फरक. ग्लासगोत पानी पडते तं पडतच राहाते. ते गाव मले नको. कपडे कवा वाळत घालाव?

पन त्या बाथ गावानं मले येड लावलं. जमिनीतून गरम पानी येते! उनपदेवले येते तसं, पन गावाच्या मधात, आन् त्याच्याभवती दगडाचे वाडे. अजी, मी ईचार करून राहिली का त्या गावात बाईले पहाटे उठून काड्या-गवऱ्या जमा कराव लागत नसन. लेकरू झालं तं बाळंतिनीले गरम पानी तयार. माय मने, "मले मरासाठी थेच गाव चांगलं." मी मनलं, "मामी, मराले काहून, जगाले चांगलं." तं माह्या मतानं विलायतेतलं राहाचं गाव बाथ. तुमचं आता कोनतं? पयले लिवरपूल मने, मंग यॉर्क मने. एका मानसाले किती गावं आवडाव? दुरून डोंगर साजरे, तसं तं नाई ना?

मले खरं सांगाचं तं आवडून राहिलं हे सारं. तुमचा राग हाय थो हायच, थो एका बाजूले. पन भाजी इकता इकता मी त्या गावात फिरून येते. वांगी मोजून देते आन् मनात यॉर्कच्या परकोटावर चालून राहिली. एका बाईले काल सहाच्या जागी आठ वांगे देल्ले.

मळ्यातली मोट नीट हाय. नाडा तुटला व्हता, थो देवीदास बदलून देऊन गेला. शेजारचा देवीदास, ज्याची बायको गेल्या साली गेली. मी बोलावलं नव्हतं. आपल्या मनानं आला.

आन् आपल्या जातीत कुजबुज हाय. समुद्र ओलांडला थो बाटला, असं पंच म्हनून राहिले. तुमाले मालूम असाव म्हनून लिवलं. बाकी चिंता नाई.

बाथ गावाचं आनखी लिवा. पानी हाताले सोसवते का?

जमुना


मुक्काम अकोला
माघ शुद्ध ५, शके १७८५

अजी,

पत्र पोचलं. बाथचं काईच लिवलं नाई, सारं मांचेष्टरचंच लिवलं. तुमी मनता का आता सायबासंग मांचेष्टरले असतो, इथं धुराडे आभाळाले लागले, साऱ्या जगाचं कापड इथंच इनते, आन् गावाच्या वेशीपासून दोन्ही अंगानं कमरेएवढी पऱ्हाटी उभी हाय, आपल्या अकोटाकडं असते तशी, बोंडं फुटून पांढरीफेक. आन् म्हनून साऱ्या विलायतेत तुमाले हेच गाव आपल्यावानी वाटलं, राहाव तं इथंच.

बायकाईनं आयकलं तं खुश झाल्या. आपल्यावानी गाव हाय म्हनून. मीबी मान हालवली.

मले उलीसाक इचाराचं व्हतं. तिथली जमीन काळी हाय का भुरकी? पेरा कवा करते, मृगावर का मांगून? वेचनी कोन करते, गोऱ्या बायका का? कापूस टाकाच्या वट्या कमरेले कशा बांधते? आपल्या इथं मार्गशीर्षातलं धुई-धुकं पडलं तं बोंड काळं होते. तिथं पानी दगडावानी गोठते मने, मंग पऱ्हाटी कशी तगते? मले शेतातलं आयकाले आवडते, तवा नीट लिवा. फुरसतीनं लिवा.

इथली गोष्ट अशी का देवीदासच्या काकानं पंचायतीत तुमचं नाव काढलं. नवरा समुद्रापार गेला, बाटला, आता त्या बाईनं त्याची वाट काहून पाहाव, तिले काडीमोड द्या आन् देवीदाससंग पाट लावा, असं त्याचं म्हननं. देवीदास मानूस वाईट नाई. खोटं बोलाले त्याले जमत नाई, बोलाले गेला तं कानाच्या पाळ्या लाल होते. पंचाईनं चैत्र शुद्ध चौथ धरली हाय. त्या दिवशी मले इचारतीन. मी काय सांगाव, थे तुमच्या उत्तरावर हाय.

म्हनून तुमी समुद्र खरंच ओलांडला का, थे एका ओळीत लिवा. व्हय का नाई. बाकी पऱ्हाटीचं मंग.

जमुना

(बाईंनी सांगितले तेवढेच लिहिले आहे. पत्र सांगताना त्या दोन वेळा उगाच हसल्या, तेवढे मात्र मला समजले नाही. खुशालराव.)


मुक्काम अकोला
चैत्र शुद्ध ५, शके १७८६

गोवर्धन,

चमकू नका. नाव खुशालरावांनी नाई घातलं, मीच सांगतलं. काल साऱ्या जातीसमोर दोन वेळा घेतलं, आता पत्रात लाज कायची?

तुमचं उत्तर फागुनात आलं. समुद्र ओलांडला का इचारलं, तं तुमी लिवलं, 'व्हय, ओलांडला, त्यात इचाराचं काय?' आन् बाकी दीड पान वेचनीचं. जमीन काळीभोर. पेरा मृगावर. गोऱ्या बायका कमरेले वटी बांधून गाने म्हनत वेचते. वाचता वाचता खुशालरावच थांबले आन् चष्म्यावरून माह्याकडं पायलं. मी मनलं, "वाचा जी, मले मालूमच हाय."

मले मांचेष्टरचं थे पयलं पत्र आलं त्याच दिवशी मालूम झालं व्हतं. सांगू कसं? त्याच दिवशी बजारात सायेब उभा व्हता. भर उनात, मान लाल झाली, नाकाचं सालपट निंघालं, आन् आपल्या कास्तकारासंग रुईसाठी हुज्जत घालून राहिला. मी वांग्याच्या टोपलीमांगं बसून त्याच्याकडं पाहून राहिली. माह्या मनात आलं, अवं, याच्या मांचेष्टरच्या वेशीवर कमरेएवढी पऱ्हाटी हाय, तं हा मेला इथं उनात काहून मरून राहिला? घरामांगं हिर असताना कोनी दुसऱ्या गावाले घागर घेऊन जाते का?

सायबाचा खानसामा माह्याकडूनच भाजी नेते. थो मांगच्या सायबासंग विलायतेले जाऊन आला. त्याले इचारलं. थो असा हासला का त्याच्या हातातली कोथमीर सांडली. मने, "बाई, त्या मुलकात पऱ्हाटीचं एक झाड नाई. सारी रुई बोटीनं येते. अमेरिकेची बंद झाली म्हनून तं हे लोक तुमच्या दारी आले." मंग मी बोट किती दिवसांनं पोचते थे इचारलं. मने, जायले महिना, यायले महिना, थेबी घाई केली तं. आन् तुमची उत्तरं मले महिनाभरात येते! लिवरपूल आन् अकोला असं शेजारी कवापासून झालं? तुमी मुंबईच्या त्या पेढीपुढं गेलेच नाई.

तरी मी तुमाले पेरा इचारला, वट्या इचारल्या. वाटलं, आता तरी हा मानूस म्हनन का जमुना, चुकलं. तुमी तं मांचेष्टरात मृग आनला.

दुसऱ्या कोनाची थाप असती तं दुसरी असती. वऱ्हाडातल्या मानसाले कापडाचं एवढं मोठं गाव दिसलं का त्याच्या वेशीवर पऱ्हाटी उभी राहातेच. तुमाले दुसरं सुचलंच नसन. मलेबी पयल्या घटकेले खरंच वाटलं व्हतं.

तं कालची गोष्ट. राजेश्वराच्या देवळामांगं पंच बसले. पऱ्हाटीची वाळली काडी आनून माह्या हातात देल्ली. मोठे पंच मनले, "बाई, नवरा समुद्रापार गेला, त्याच्याच पत्रात लिवलं हाय. काडी मोड आन् मोकळी व्हय." तुमची माय मांगं बसली व्हती, पदर तोंडात धरून. देवीदास एका बाजूले, खाली मान घालून. मले त्याची दया आली.

मी उभी राहिली. मनलं, "माहा नवरा गोवर्धन, यानं समुद्र ओलांडला नाई. गोवर्धन मुंबईले हाय." बायकाईनं तोंडाले पदर लावले. नवऱ्याचं नाव, आन् असं खडखडीत! मोठे पंच मनले, "पत्रात तं विलायत हाय." मी खुशालरावाले मनलं, मांचेष्टरचं वाचा. त्यायनं वाचलं. कमरेएवढी पऱ्हाटी. काळी जमीन. मृग. मंग मी पंचाईले एकच इचारलं, "तुमी सारे कापसावाले. विलायतेत पऱ्हाटी पिकते, तं सायेब अकोल्याच्या बजारात काय वांगे घ्याले आला?"

मंग मोठ्या पंचाले एवढं हासू आलं का त्यायची पगडी हालाले लागली. सारे हासले. देवीदासचा काकाबी हासला. निकाल झाला का गोवर्धन खोटा हाय पन बाटला नाई, त्याले परायश्चित नाई, बाईनं काडी मोडाची का नाई थे तिच्या मनावर. देवीदास उठून माह्याजवळ आला, मने, "भाभी, मोटेचं काम असन तं सांगा," आन् गेला. कान लाल झाले व्हते.

तुमाले वाचवलं, पन साऱ्या अकोल्यात तुमचं हासं झालं. थे माह्यामुळं झालं. दुसरा रस्ता मले दिसला नाई.

आता राहिलं माहं. त्या भांडनाच्या दिवशी मीच मनलं व्हतं, "सायबाचा एवढा पुळका हाय तं जा विलायतेले, इथं तोंड दाखवू नका." उचलली जीभ लावली टाळ्याले. मायले मी हे आजवर सांगतलं नाई. तिले वाटते तुमी आपल्या हौशीनं गेले. काल घरी येऊन सांगतलं. मले वाटलं मारन, पन बुढी मने, "त्याच्या बापाले मी काशीले धाडलं व्हतं असंच, थो शेजारच्या मूर्तिजापुरातून परत आला."

सायबानं तुमाले बोटीत घेतलं नाई, का बोट पाहून तुमीच चढले नाई, थे मले मालूम नाई. जे असन थे असो. मी जा म्हनलं आन् जाता आलं नाई, म्हनून तोंड दाखवाची लाज वाटली, एवढं मले कळते. पन एक गोष्ट मले झोपू देत नाई. एडिंबरोचा किल्ला, यॉर्कचा परकोट, बाथचं पानी, हे तं खोटं नाई. मी खानसाम्याले एकेक इचारलं, सारं बरोबर निंघालं. मंग थे तुमी आनलं कुठून? गोदीवर बोटी लागल्या का खलाश्याईले इचारत व्हते का? 'बाप्पा, तुह्या मुलकात राहाले कोनतं गाव चांगलं' असं? आन् मी पानी कुठून आनते म्हनून इचारलं, तं दुसऱ्या दिवशी पुन्ना जाऊन पानी इचारत व्हते का? माह्यासाठी? गोवर्धन, लगीन झाल्यापासून तुमी माह्यासाठी बजारातून बांगडी नाई आनली. आन् ही एवढी गावं गोळा केली. मले राग येते आन् रडू येते, दोन्ही एकाच वक्ती.

तं आता तुमी इकडं येऊ नका. इथं आले तं लोक दारात उभे राहून मांचेष्टरचा भाव इचारतीन, आन् तुमी पुन्ना पळान. मीच येऊन राहिली. परवा कापसाच्या गाड्या भुसावळकडं निंघते, तिथून आगगाडी हाय. खुशालराव आन् माय संग हाय. बुढीले आगगाडी पाहाची हाय, खुशालरावाले समुद्र. मले तुमाले पाहाचं हाय, आन् गोदीवरच्या त्या खलाश्याले, जो बाथ गावाचा हाय. पानी हाताले सोसवते का, थे तुमी अजून सांगतलं नाई.

कालची काडी मी मोडली नाई. फेकलीबी नाई. पदराच्या गाठीत बांधून आनून राहिली. मी आली का मले एकदा खरं सांगाचं, आपल्या तोंडानं, आजवर कुठं राहिले आन् काय खाल्लं थे सारं. खोटं बोलले तं तिथंच समुद्रापुढं काडी मोडीन आन् त्याच आगगाडीनं परत येईन. खरं बोलले तं त्याच काडीनं तुमच्या खोलीत चूल पेटवीन.

तुमी खोलीत चूल मांडून ठेवा.

जमुना